संचलनाच्या ड्रमची काठी

वाद्यांचा इतिहास लिहिणारे विद्वान वाद्याविषयी लिहितात, वादकाविषयी लिहितात, क्वचित वाद्य घडविणाऱ्या कारागिराचीही दखल घेतात. परंतु ते वाद्य ज्या साधनाने वाजवावयाचे त्याकडे त्यांचे लक्ष सहसा जात नाही. तालवाद्याच्या काठीची उपेक्षा तर सर्वांत अधिक झालेली आहे. काठी मोडते, झिजते, फेकून दिली जाते. तिचे जतन कोण करणार? तथापि पलटणीपुढे, शाळेच्या कवायतीत किंवा रस्त्यावरील मिरवणुकीत चालत वाजविल्या जाणाऱ्या साइड ड्रमचा इतिहास पाहू लागल्यास असे दिसून येते की, त्या वाद्यात गेल्या चार शतकांत जे जे फेरफार झाले त्या प्रत्येकाची खूण काठीवर उमटलेली आहे.

आम्हा वकिलांच्या व्यवसायात एक जुने लॅटिन सूत्र आहे. कारण संपले की नियमही संपतो, असा त्याचा आशय. व्यवहारात मात्र पुष्कळ नियम आपल्या कारणांहून दीर्घायुषी ठरतात, आणि मग त्यांनाच आपण परंपरा म्हणू लागतो. साइड ड्रमच्या इतिहासात ह्या दोन्ही प्रकारांचे एकेक उत्तम उदाहरण आहे. ड्रमवाल्याच्या डाव्या हाताची पकड ही कारण सरल्यावरही टिकून राहिली. त्याच हातातील काठी मात्र कारणे बदलताच प्रत्येक वेळी बदलत गेली. ज्याला आज काठी निवडावयाची आहे, त्याला ह्या दोहोंतील भेद उमगणे अगत्याचे आहे. कारण तो न उमगल्यामुळे होणारा तोटा बहुधा शाळकरी मुलांच्या मनगटांना आणि कानांना सोसावा लागतो.

प्रथम वाद्याची ओळख. आपल्याकडील बँडमध्ये ज्याला साइड ड्रम म्हणतात त्यालाच पाश्चात्त्य देशांत स्नेअर ड्रम असेही नाव आहे. लाकडी किंवा धातूच्या नळकांड्याच्या दोन्ही तोंडांवर पडदे ताणलेले असतात. वरच्या पडद्यावर आघात होतो आणि खालच्या पडद्याला लागून आतड्याच्या, धाग्याच्या किंवा धातूच्या तारा ओढलेल्या असतात. ह्या तारांच्या थरथरण्यामुळे आवाजाला तो कोरडा, खरखरीत, दूरवर पोहोचणारा धारदारपणा येतो. 'साइड' हे विशेषण ड्रम वादकाच्या कुशीला लटकत असे म्हणून पडले. उजव्या खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याला अडकवलेला ड्रम डाव्या मांडीवर येई आणि तिरपा राही. अशा तिरप्या पडद्यावर उजवा हात सरळ पडतो, पण डावा हात तसाच वापरू गेल्यास कोपर अवघडून वर उचलावे लागते. म्हणून डाव्या हाताची काठी तळहात वर करून अंगठ्याच्या बेचक्यात धरण्याची व अनामिका तिच्याखाली घेण्याची रीत पडली. उजवा हात हातोडी धरल्यासारखा आणि डावा लेखणी धरल्यासारखा, असे ह्या पकडीचे स्थूल वर्णन करता येईल.

ह्या वाद्याच्या लष्करी उपयोगाचे एक फार जुने आणि मनोरंजक वर्णन फ्रान्समधील लांग्र येथे १५८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑर्केसोग्राफी' ह्या नृत्यविषयक ग्रंथात आहे. झां ताबूरो नावाच्या धर्मोपदेशकाने तुआनो आर्बो ह्या टोपणनावाने तो लिहिला. ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात असून शिष्य काप्रिऑल हा तरुण वकील आहे, ही गोष्ट ह्या लेखकाला साहजिकच सुखावणारी वाटते. कायदा शिकून झाला, पण समाजात वावरण्यासाठी नृत्य यावयास हवे म्हणून तो गुरूकडे आलेला आहे. आणि गुरु त्याला नृत्याआधी सैन्याच्या ड्रमची माहिती देतो. फ्रेंच कूच आठ मात्रांची. त्यांतील पाचांवर आघात आणि तीन मोकळ्या. पहिल्या मात्रेवर डावे पाऊल, पाचवीवर उजवे. मोकळ्या मात्रांचे प्रयोजन असे की, शिपायाचा पाय चुकला तर तो सावरण्यास जागा राहावी. हजारो माणसांचे चालणे दोन काठ्यांच्या स्वाधीन होते, हे ह्या एका तपशिलावरून ध्यानी यावे.

पंधराव्या व सोळाव्या शतकांत स्विस भालाइतांच्या पलटणी युरोपभर भाडोत्री सैन्य म्हणून लढल्या, आणि त्यांच्याबरोबर बासरी व ड्रम ही जोडीही सर्वत्र गेली. त्या परंपरेचा वारसा बासेल शहराने आजही सांभाळला आहे. तेथील फासनाख्त उत्सव सोमवारी पहाटे ४ वाजता, शहरातील दिवे मालवून, ड्रम आणि लहान बासऱ्यांच्या घोषात सुरू होतो. युनेस्कोने २०१७ साली त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. इंग्लंडात तर ड्रमचे बोल हा राजाज्ञेचा विषय झाला. पहिल्या चार्ल्स राजाने १६३२ साली एक फर्मान काढून जुन्या इंग्लिश कुचाचे बोल निश्चित केले. ड्रमवाल्यांच्या हयगयीमुळे ती चाल बिघडून लुप्त होण्याच्या बेतास आली आहे, अशी तक्रार त्यात नमूद आहे; आणि पुढे सर्व ड्रमवाल्यांनी लिहून दिलेले बोल तंतोतंत पाळावेत अशी ताकीद आहे. संगीतावर कायद्याचा हा अंमल विचित्र वाटेल. पण ज्या काळी रणांगणावर सेनापतीचा शब्द शंभर हातांपलीकडे पोहोचत नसे, त्या काळी ड्रमचा बोल हाच हुकूम होता. पुढे सरा, मागे हटा, एकत्र या, गोळीबार थांबवा, हे सर्व काठीच्या टोकाने सांगितले जाई. बोल चुकला तर माणसे मरत.

हा हुकूम ज्या पडद्यावर वाजे तो वासराच्या कातड्याचा असे आणि दोरांनी ताणलेला असे. दोराच्या ताणाला मर्यादा असते. त्यात कातडे हवेतील ओल शोषून घेते आणि पावसात, दंवात ढिले पडते. ढिला पडदा काठीला उसळी देत नाही. प्रत्येक आघात हाताने उचलून पुन्हा टाकावा लागतो. शिवाय ड्रम खोल, मैदान उघडे, आवाज परतवणारी भिंत नाही. ह्या साऱ्या अडचणींवर त्या काळच्या माणसांनी काठीतच उपाय शोधला. काठी जाड, कठीण लाकडाची, टोकाला मोठे बोंड असलेली घेतली की हाताच्या जोराला लाकडाच्या वजनाची जोड मिळते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील (१८६१ ते १८६५) ज्या काठ्या संग्रहांत आढळतात, त्यांत शिसव व आबनूस ह्यांसारख्या जड लाकडांच्या काठ्या आहेत. त्या दिसावयास सुंदर आहेत. पण सौंदर्यासाठी त्या जड केलेल्या नव्हत्या. ढिल्या कातड्याला बोलते करण्यासाठी तेवढा भार लागे.

ह्याच काळात वादनाला शास्त्राचे रूप आले. अमेरिकी मरीन दलाचा ड्रम मेजर चार्ल्स स्ट्युअर्ट ॲशवर्थ ह्याने १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ड्रमच्या मूळ बोलांना 'रुडिमेंट्स' हे नाव दिले. तबल्यात विद्यार्थी जसे ठराविक बोल घटवतो, तसेच हे. पुढे १९३३ साली शिकागो येथे अमेरिकेतील ड्रमवादकांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि २६ रुडिमेंट्स प्रमाण ठरविली. १९८४ साली ती यादी ४० पर्यंत वाढविण्यात आली. तोवर रणांगणावरील हुकूम देण्याचे काम बिगूल, तार, दूरध्वनी व रेडिओ ह्यांनी केव्हाच काढून घेतले होते. ज्या कारणासाठी बोल जन्मास आले ते कारण संपले. परंतु ते बोल कला म्हणून जगले.

काठ्यांचे आजचे क्रमांकही ह्याच सुमाराच्या अमेरिकी व्यवहारातून आले. इंग्रजी 'एस' हे अक्षर रस्त्यावरच्या, म्हणजे संचलनाच्या काठीचे. 'बी' बँडच्या काठीचे. आणि 'ए' ऑर्केस्ट्राच्या काठीचे. ऑर्केस्ट्राचे आद्याक्षर 'ओ' असताना 'ए' कोठून आला? काठीवर 'ओ' छापलेला नीट दिसत नाही म्हणून विल्यम लुडविग ह्या कारखानदाराने 'ए' पसंत केला, अशी कथा व्यवसायात सांगितली जाते. ते काही असो. तीन स्थळे, तीन काठ्या ही समज त्या अक्षरांत ग्रथित आहे. सभागृहासाठी नाजूक, बँडसाठी मध्यम, रस्त्यासाठी भरभक्कम. आज सर्वांत परिचित असलेली '५ ए' काठी सुमारे १६ इंच लांब आणि सुमारे ०.५६५ इंच जाड असते. संचलनाच्या काठीची लांबी १७ इंचांच्या आसपास आणि जाडी ०.७ इंचाच्या आसपास जाते. कागदावर हा फरक क्षुल्लक भासतो. पण दोन्ही सरळ गोल दांडे मानून हिशेब केला तर दुसऱ्या काठीत पहिलीच्या दीडपटीहून अधिक लाकूड भरते. हातात घेतल्यावर ते तत्काळ कळते.

लाकडांमध्ये सर्वांत मान हिकरीला. हा अक्रोडाच्या कुळातील वृक्ष; संचलनाच्या काठ्यांसाठी वापरतात ती त्याची उत्तर अमेरिकेतील जात. कुऱ्हाडी व हातोडे ह्यांचे दांडे करण्यासाठी त्या देशात त्याच्याच लाकडाची ख्याती होती, आणि कारण उभयत्र एकच: आघाताचा हादरा हे लाकूड स्वतः सोसते, हाताकडे कमी जाऊ देते. मेपल त्याहून हलके. जपानी ओक जड आणि टिकाऊ. शिसवाची गोष्ट आता कायद्याच्या कक्षेत गेली आहे. ब्राझिली शिसव १९९२ साली वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टात आले. २०१७ च्या आरंभी शिसवाचा उरलेला सारा गण दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आला, आणि तयार वाद्यांना २०१९ साली त्यातून सवलत देण्यात आली. गोव्यातील वाचकांना ह्यात नवल वाटू नये. घुमटावर पिढ्यानपिढ्या घोरपडीचे कातडे चढविले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले आणि घुमटाला बकऱ्याच्या कातड्याकडे वळावे लागले. त्याच घुमटाला गोवा सरकारने २०१९ साली राज्याचे वारसावाद्य म्हणून गौरविले. कातडे बदलले म्हणून घुमट घुमट राहिले नाही, असे कोणी म्हणत नाही.

साइड ड्रमच्या पडद्यातील क्रांती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १९५७ साली रेमो बेली ह्यांनी कॅलिफोर्नियात स्थापिलेल्या कारखान्यातून पॉलिएस्टरचे पडदे बाजारात येऊ लागले. पावसाची भीती गेली, ताण स्थिर झाला, उसळी वाढली. पुढच्याच वर्षी जो कलाटो ह्यांनी काठीला नायलॉनचे बोंड बसविले. त्याने आवाजाला चकाकी आली आणि झिज थांबली. पुढे १९६५ साली ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक ह्यांनी जो अतिबळकट धागा शोधला, त्या केव्हलारचा उपयोग बंदुकीची गोळी अडविणाऱ्या अंगरख्यांसाठी झाला, हे सर्वश्रुत आहे. १९८० नंतरच्या काळात त्याच धाग्याचे पडदे स्कॉटिश पाइप बँड व अमेरिकी ड्रम कोअर ह्यांच्या साइड ड्रमवर चढले. हा पडदा इतका ताणता येतो की वाजविणाऱ्यास मेजावर काठी मारल्याचा भास व्हावा. नाद आखूड, कोरडा, प्रत्येक आघात सुटा. दहा वादक एका रांगेत असतील आणि त्यांतील एकाची काठी केसभर उशिरा पडली, तर ती चूक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते.

ताण वाढला, उसळी वाढली, तेव्हा काठी हलकी होईल असे तर्काने वाटावे. ड्रम कोअरमध्ये झाले उलटे. अशा ताठ पडद्याला दाबून त्यातून भरीव नाद काढावयाचा, खालच्या तारांना जागे करावयाचे, आणि क्रीडांगणाच्या वरच्या रांगेपर्यंत तो पोहोचवावयाचा, तर टोकाशी वस्तुमान हवे. म्हणून तेथे जाड, आखूड निमुळत्या भागाच्या, खांद्याशी भरलेल्या काठ्या रूढ झाल्या. ह्या पथकांच्या राष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेत १९७२ पासून एका छत्राखाली होतात. ह्या स्पर्धांनीच त्या काठीला घाट दिला. पाइप बँडने त्याच पडद्यासाठी वेगळा मार्ग धरला. तेथे साइड ड्रमला पाइपच्या सुरावटीभोवती बारीक विणकाम करावयाचे असते. ॲलेक्स डटहार्ट (१९२५ ते १९८६) ह्या स्कॉटिश वादकाने ह्या वादनाला जी सूक्ष्मता आणली तिला जड हिकरी मानवली नसती. म्हणून पाइप बँडची काठी बहुधा हलक्या मेपलची, पण टोकाकडे भार राखलेली असते. पडद्याची उसळी वापरून ती दाट, अखंड रोल सहज उमटवते. पडदा एक, प्रयोजने दोन, म्हणून काठ्या दोन.

आता डाव्या हाताच्या पकडीकडे वळू. विसाव्या शतकात खांद्यावरून घेण्याची धातूची चौकट आली आणि ड्रम पोटासमोर सपाट बसू लागला. तिरपेपणा गेला, दोन्ही हात सारखे धरण्यास कसलीच आडकाठी उरली नाही, आणि पुष्कळ पथके तसे धरतातही. तरीही अनेक नामांकित पथके जुनी पकडच चालवितात. कित्येक तर तिला सोय व्हावी म्हणून सपाट बसणारा ड्रम मुद्दाम किंचित कलता ठेवतात. कारणाने नियमाला जन्म द्यावा हा न्याय. येथे नियमच आपल्यासाठी कारण निर्माण करतो. मला ह्यात उपहास करावयाचा नाही. त्या पकडीत चारशे वर्षांची शिस्त आहे, डोळ्यांना सुखविणारी एकरूपता आहे. मात्र तिचा एक परिणाम काठी निवडणाराने विसरू नये. दोन हात दोन तऱ्हांनी धरलेले असताना आवाज एकच यावयाचा असेल, तर जोडीतील दोन काठ्या एकमेकींच्या शक्य तितक्या जवळच्या हव्यात. हातांतील विषमता काठ्यांतील समतेने भरून काढावी लागते.

आपल्याकडे हे वाद्य फौजेबरोबर आले. कंपनी सरकारच्या देशी पलटणींत ड्रम व बासरी वाजविणारे असत. १८५७ पूर्वीच्या बंगाल फौजेत ते बहुधा ख्रिस्ती असत. पुढे ब्रिटिश अमदानीतील व संस्थानांतील बँडांत गोव्याच्या वादकांनी मोठे नाव मिळविले. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने तेथील नागरिकांच्या कानांना लष्करी ड्रम अपरिचित नाही. आणि दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये ड्रमवाल्यांचे स्वतंत्र वादन सर्व देश पाहतो. फौजेतून हा ड्रम शाळांच्या संचलनात उतरला.

चालत वाजविण्याचे शहाणपण आपल्याला परकीयांनीच शिकविले, असे मात्र नाही. ताशा गळ्यात अडकवून चालत चालतच वाजवितात, आणि त्याच्या काड्या वेताच्या, बारीक व लवचिक असतात. ताशाचे तोंड लहान, पडदा पातळ आणि कडक ताणलेला. तेथे लाकडाचा भार कामाचा नाही. वेताची काडी स्वतः लवते आणि चाबकासारखी फटकन सुटते. तिच्यातूनच तो तडतडाट निघतो. शेजारच्या ढोलाला मात्र जाड टिपरू लागते. एकाच पथकात, एकाच तालात, दोन हातांच्या अंतरावर दोन भिन्न काठ्या! आपल्या वादकांनी हा निर्णय कोणत्याही पुस्तकाशिवाय घेतला, आणि तो अचूक घेतला.

तेव्हा आपल्या शाळेच्या वा पथकाच्या साइड ड्रमसाठी काठी घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो पडद्याविषयी. आपल्या शाळांतील ड्रमवर बहुधा साधा प्लॅस्टिकचा, मध्यम ताणाचा पडदा असतो. त्यावर केव्हलारच्या युगातील जाड काठी चालविली, तर पडद्याला खळगे पडतात आणि बारा वर्षांच्या मुलाचे मनगट दुखावते. पडद्यावर चित्रफितीत पाहिलेल्या परदेशी पथकाची काठी ही त्या पथकाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपला प्रश्न निराळा आहे. उलटपक्षी सभागृहाची नाजूक काठी उघड्या मैदानात निष्प्रभ ठरते आणि ड्रमच्या कडीवर आपटून लवकर मोडते. शाळकरी मुलांसाठी '२ बी'च्या आसपासची, म्हणजे सुमारे १६ इंचांहून थोडी लांब व ०.६३ इंचाच्या आसपास जाडीची हिकरीची काठी हा मध्यम मार्ग होय.

मग जोडी पारखावी. काठी सपाट काचेवर किंवा मेजावर लोटून द्यावी. ती सरळ असेल तर गुळगुळीत घरंगळते, वाकडी असेल तर टप्पे घेते. तिचे रेषे बुडापासून टोकापर्यंत लांबीला समांतर धावत असावेत. तिरपे रेषे असलेली काठी तेथेच दुभंगते. दोन्ही काठ्या तराजूत तोलाव्यात, आणि एकामागून एक लाकडावर आपटून त्यांचा सूर ऐकावा. सूर जुळला तर घनताही जुळली असे समजावे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल घेते, म्हणून काठ्या कोरड्या जागी आडव्या ठेवाव्यात आणि संचलनापूर्वी पुन्हा एकदा घरंगळवून पाहाव्यात. कानांचीही काळजी घ्यावी. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने दिवसाकाठी ८ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचविली आहे, आणि साइड ड्रम जवळून सहज १०० च्या वर जातो. सरावाच्या वेळी कानांत बोळे असावेत, हे सांगताना कोणाही शिक्षकाने संकोच करू नये.

ज्या दिवशी ड्रमचा बोल हा हुकूम होता, त्या दिवशी काठी निवडणे म्हणजे शेकडो माणसांच्या जीविताची तजवीज होती. आज तितकी जोखीम नाही. पण शाळेच्या पटांगणात एक मूल गळ्यात ड्रम अडकवून पहिल्यांदा पाऊल उचलते, तेव्हा त्याच्या हाती आपण काय देतो ह्याची जबाबदारी आपलीच असते. पकड त्याला गुरु शिकवील ती तो परंपरा म्हणून स्वीकारील, आणि ते योग्यच आहे. काठी मात्र त्याच्या हाताकडे आणि त्याच्या ड्रमकडे पाहून द्यावी.